राक्षस जरा उशिरा आण

अरे,

तुझी स्क्रिप्ट काल रात्री दोनदा वाचली. पावसाळ्यातली रात्र, धरणावरची चौकी, ड्युटीवरची चार माणसं, पाण्यातून काहीतरी वर येतं, आयडिया मला मनापासून आवडली. पण ते काहीतरी तू पहिल्याच पानावर दाखवून टाकलंयस, आणि खाली विचारलंयस की सर, एलियन आणि द थिंग या दोन सिनेमांपैकी जास्त भीतीदायक कोणता, आपण कुणाकडून शिकायचं. या दोन्ही गोष्टी एकमेकांशी जोडलेल्या आहेत म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एलियन घे. १९७९, रिडली स्कॉट. सगळे बोलतात ते त्या प्राण्याबद्दल, आणि बरोबरच आहे, एच. आर. गीगर या स्विस चित्रकाराने त्याला असं लांबट गुळगुळीत डोकं दिलंय की डोळे कुठे ते कळतच नाही, म्हणजे ते आपल्याकडे बघतंय का नाही हेही कळत नाही. आत होता बोलाजी बदेजो, लंडनमध्ये राहणारा, जवळपास सात फूट उंच, एकदम सडपातळ नायजेरियन तरुण. त्याचे हातपाय इतके लांब की आत माणूस आहे हे आपलं मन मान्यच करत नाही. पण हा पूर्ण वाढलेला प्राणी पडद्यावर किती वेळ असतो हे कधी घड्याळ लावून बघ, जवळपास दोन तासांच्या सिनेमात जेमतेम काही मिनिटं.

मग बाकीचा वेळ काय चाललंय? माणसं झोपेतून उठतात, सिगरेट ओढतात, कॉफी पितात, आणि पार्कर आणि ब्रेट हे इंजिनकडचे दोघं बोनसवरून कुरकुर करतात की आम्हालाच कमी का. खनिज ओढून नेणारं मालवाहू अंतराळयान आहे ते, आणि ही कामावरची दमलेली माणसं आहेत, कुठल्याही कारखान्याच्या नाइट शिफ्टला भेटतील अशी. ही कुरकुर आपण ऐकलेली असते म्हणून पुढे त्यांच्यातला एकेक जण गेला की आपल्याला लागतं.

आणि तो जेवणाचा सीन. केन हा त्यांच्यातलाच एक, एक प्राणी तोंडाला चिकटल्यामुळे बेशुद्ध पडला होता, तो बरा झालाय, सगळे खुशीत आहेत, तो भुकेने भराभर खातोय, हसतोय, आणि त्याला खोकला येतो. आसपासच्यांना वाटतं घास अडकला. कलाकारांना स्क्रिप्टवरून माहीत होतं की छातीतून काहीतरी बाहेर येणार, पण रक्त केवढं उडणार हे सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे त्यातली अभिनेत्री व्हेरोनिका कार्टराइटची दचक खरी आहे. माझं म्हणणं, तू रक्त सोडून ते टेबल बघ. ताटं, वाट्या, सांडलेलं अन्न, म्हणजे दोन मिनिटांपूर्वी घरच्यासारखी वाटणारी जागा. अंधाऱ्या बोगद्यात हेच घडलं असतं ना तर निम्मी भीती गेली असती.

आता द थिंग, १९८२, जॉन कार्पेंटर. माझं मत विचारशील तर मी याला वर ठेवतो. एलियनमध्ये शत्रू कोण ते माहीत असतं, फक्त कुठे ते माहीत नसतं. इथे तो परग्रहावरचा प्राणी कुणाचंही हुबेहूब रूप घेतो, त्यामुळे तो समोरच बसलाय आणि कोण ते माहीत नाही. कोकणात चकवा लागला म्हणतात बघ, रोजचीच पायवाट असते पण माणूस रात्रभर तिथल्या तिथे फिरत राहतो, कारण जी गोष्ट सगळ्यात ओळखीची तीच फसवते. इथे तसा चकवा माणसांचा लागलाय. अंटार्क्टिकाच्या तळावर बारा जण, बाहेर बर्फ, पळायला जागा नाही, आणि रोज ज्याच्याबरोबर पत्ते खेळलो तो आज तोच आहे का?

रक्ताच्या टेस्टचा सीन तू शंभर वेळा पाहिला असशील, आता एकदा एडिटरच्या नजरेने बघ. काचेच्या छोट्या बश्यांमध्ये प्रत्येकाचं रक्त, तळावरचा पायलट मॅकरेडी तार तापवतो आणि एकेका बशीत बुडवतो, त्या प्राण्याचं रक्त असेल तर ते जीव वाचवायला उसळेल म्हणून, चर्र होतं, काही नाही, माणूस आहे. परत तापवतो, परत चर्र. आपल्याला लय लागते. मग तळाचा प्रमुख गॅरी म्हणतो की याने काहीही सिद्ध होत नाही, आणि मॅकरेडी त्याच्याकडे बघत म्हणतो की तुझा नंबर सगळ्यात शेवटी. आपलं सगळं लक्ष गॅरीवर, संशय गॅरीवर, हात मात्र सवयीने पामर नावाच्या दुसऱ्याच माणसाच्या बशीत तार घालतोय आणि तिथेच रक्त किंचाळत उडी मारतं. म्हणजे राक्षस अचानक आला म्हणून आपण दचकत नाही, आपण चुकीच्या माणसाकडे बघत होतो म्हणून दचकतो. मी वर्गात हा सीन आधी आवाज बंद करून दाखवतो आणि मग आवाजासकट, आणि प्रत्येक वेळी मुलं दुसऱ्यांदा, म्हणजे काय होणार ते माहीत असतानाही जास्त दचकतात, कारण तो चर्र आवाज कानात बसलेला असतो.

त्याच सिनेमातला कुत्राही बघ, तोही खरं तर तो प्राणीच. सुरुवातीला तो नुसता शांतपणे कॉरिडॉरमधून चालत जातो आणि एका खोलीत शिरतो, भिंतीवर कुणाची तरी सावली दिसते, कट. काहीच दाखवलं नाही, पण ती सावली कुणाची हा प्रश्न पुढे सुटत नाही. आणि मॉरिकोनेचं संगीत म्हणजे जवळपास नुसता ठोका, धप धप, धप धप, मागे कुठेतरी चालू.

एक काळजीची गोष्ट. त्यातले ते भयंकर इफेक्ट्स करणारा रॉब बॉटीन तेव्हा जेमतेम विशीतला होता, आणि इतका राबला की दमून हॉस्पिटलमध्ये भरती व्हावं लागलं, कुत्र्याच्या सीनचं काम स्टॅन विन्स्टनला करावं लागलं. तू तीन रात्री जागून व्हीएफएक्स करतोयस असं कळलं. करू नकोस. झोप काढ, त्या धरणाच्या पाण्यातलं तुझं जे काही आहे ते पळून जात नाही.

बाकी दोन सिनेमे तुझ्या यादीत नव्हते पण बघ. इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स, १९५६ चाही चांगलाय पण मी १९७८ चा म्हणतोय, फिलिप कॉफमनचा, सॅन फ्रान्सिस्कोमधला, ज्यात परग्रहावरून आलेलं काहीतरी एकेका माणसाची जागा घेत जातं. एक बाई सांगते की माझा माणूस माझा राहिला नाही, आणि सगळे तिला समजावतात की टेन्शन आहे, विश्रांती घे. इकडे मागे रस्त्यावर कचऱ्याच्या गाड्या करड्या रंगाचं कसलंतरी भुसकट नेत असतात आणि कुणीही त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. दुसऱ्यांदा बघताना ते दिसतं आणि अंगावर काटा येतो. दुसरा क्रोनेनबर्गचा द फ्लाय, १९८६. त्याला मी भीतीपेक्षा शोकच म्हणेन. आपल्या माणसाचं शरीर रोज थोडं थोडं हातातून जाताना बघणं ज्याने घरात अनुभवलंय त्याला तो सिनेमा फार जड जातो, मला जातो. त्यात हळूहळू माशी होत जाणारा तो शास्त्रज्ञ गळून पडलेले स्वतःचे अवयव औषधांच्या कपाटात जपून ठेवतो, तो शॉट मी अजून सलग बघू शकत नाही.

आता तुझ्या चौकीवर येऊ. तुझी चार माणसं मला अजून वेगळी ओळखता येत नाहीत, चौघंही एकाच आवाजात बोलतात. त्यातल्या कुणाची बदली अडकलीय, कुणाचा डबा रोज घरून येतो, कोण गेटच्या रीडिंगची वही भरायला टाळाटाळ करतो, ते आधी ठरव. मग पाणी वाढायला लागू दे. आणि चौघांपैकी एकाच्या हातून रोजची एक बारीकशी गोष्ट चुकू दे, म्हणजे समज तो रोज बिनसाखरेचा चहा पितो आणि आज साखर मागून घेतो, बाकीचे तिघं गप्पांत आहेत, कुणाचं लक्ष नाही, फक्त कॅमेऱ्याचं आहे. पाण्यातून वर येणारा तो हात मग शेवटच्या दोन पानांत आला तरी पुरे, कदाचित लागणारही नाही.

दुसरा ड्राफ्ट झाला की पाठव, रात्री उशिरा पाठवलास तरी चालेल, मी जागाच असतो. आणि पहिली चार पानं नुसती जेवणाची झाली तर घाबरून कापू नकोस, मला वाचायची आहेत.

तुझा,
सर