कारवानी कुत्र्याचे तळवे वारंवार सोलत असतील तर काय करावं?

तुमचा कारवानी नर 14 महिन्यांचा आहे, आठवडाभर पुण्यात घरी असतो, रविवारी गावाकडच्या शेतात मोकळा सुटतो, आणि सलग दोन रविवार पुढचे पंजे सोलून लंगडत परत आला. तळवे कडक करायला एखादं तेल आहे का, आत्ता जखमेवर काय लावू, आणि शिकारी जातीला असं होतंच का, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडे लातूर जिल्ह्यात आजोबांपासून ही कुत्री आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

तेल नाही. खरंच नाही. पंजाखालच्या गादीची जाड कातडी जमिनीवर चालून-चालूनच तयार होते आणि चालणं थांबलं की पुन्हा नरम पडते. तुमचा कुत्रा सहा दिवस गुळगुळीत फरशीवर असतो आणि सातव्या दिवशी मुरमावर जीव तोडून पळतो. त्यात ही जात अंगावर चरबी नसलेली, वाऱ्यासारखी पळणारी. कुत्र्याच्या अंगाचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या पायांवर असतो. वेगात वळताना आणि थांबताना सगळा घसारा तिथंच बसतो, मनगटामागं वर असलेली छोटी गादीसुद्धा जमिनीला घासते. म्हणून पुढचेच पंजे सोलतात. पळायच्या नादात त्याला दुखणं कळत नाही, लंगडणं सुरू होतं ते घरी येऊन अंग थंड झाल्यावर. तो मजेत पळतोय म्हणजे पाय ठीक आहेत, असं धरून चालू नका.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. आमची कुत्री बिजली पावसाळाभर गोठ्याजवळ बांधलेली होती. ज्वारी काढल्यावर रान मोकळं झालं म्हणून मी तिला थेट तिथं सोडलं. ज्वारीची धसकटं म्हणजे तिरके कापलेले खुंटच. तास-दीड तास ती मनसोक्त पळाली. घरी आल्यावर अंगणातल्या कोब्यावर तिच्या पावलांचे लाल ठसे उमटलेले दिसले तेव्हा मला कळलं. डाव्या पंजाच्या मधल्या दोन बोटांची गादी एका कडेनं सुटून झाकणासारखी लोंबत होती आणि आत लालगुलाबी मांस दिसत होतं. मी घाबरून हळद दाबून भरली आणि जुन्या धोतराची पट्टी करकचून बांधली. सकाळी आबांनी पट्टी सोडली तर बोटं फुगून एकमेकांपासून फाकलेली आणि हाताला गार लागत होती. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी काही तास गेले असते तर बोटं गेली असती. जखमेपेक्षा माझ्या पट्टीनं जास्त नुकसान केलं होतं.

म्हणून आता क्रमानं सांगतो. आधी पंजा धुवा. एक लिटर पाणी उकळून कोमट करा, त्यात 9 ग्रॅम मीठ विरघळवा आणि पंजावर भरपूर ओता, बोटांच्या मधल्या बेचक्याही सोडू नका. माती पूर्ण निघाली पाहिजे, विशेषतः काळी, कारण ती वाळली की ढेकळं बोटांमध्ये दगडासारखी घट्ट बसतात. मग उजेडात एकेक बोट फाकवून पाहा: बाभळीचा काटा, सराटा, गवताचं कुसळ, गोचीड. कुसळ फार वाईट. त्याला उलट्या बाजूनं बारीक काटेरी केस असतात, त्यामुळे ते आतच सरकत जातं, बाहेर येत नाही. बोटांच्या मध्ये फोड येऊन फुटतो, बरा होतो आणि पुन्हा येतो असं दिसलं तर आत कुसळ राहिलं असण्याची शक्यता जास्त. ते घरी टोकरू नका, डॉक्टरांकडून काढून घ्या. तुमचा कुत्रा केसाळ म्हणजे पश्मी असेल तर बोटांमधले केस कापून ठेवा, कुसळं त्यातच अडकतात.

धुतल्यावर पोव्हिडोन आयोडीन (जखमेचं तपकिरी जंतुनाशक औषध) पाण्यात घालून फिक्क्या चहाच्या रंगाचं करा आणि त्यानं पुसून घ्या. सुटलेली कातडी ओढू नका. कडेला नुसती मेलेली पापडी असेल तर स्वच्छ कात्रीनं तेवढीच कापा, म्हणजे ती कशात अडकून आणखी फाटणार नाही. अजून पक्की चिकटलेली असेल तर तशीच राहू द्या, खालच्या नाजूक मांसाला तिचाच आडोसा असतो. हळद, राख, रॉकेल, गाडीचं जळकं ऑईल यातलं काहीही लावू नका. आमच्या भागात ऑईल सर्रास लावतात, पण कुत्रा ते चाटतो आणि ते विष आहे. हायड्रोजन पेरॉक्साइडनं रोज-रोज धुतलं की नवं येणारं मांसही जळतं.

पट्टी बांधायची तर बोटांच्या मध्ये थोडा कापूस ठेवा, मग गॉज, वर मऊ रोल, आणि पंजापासून मनगटाच्या वरपर्यंत बांधा. फक्त पंजाला गुंडाळलं की पट्टी निसटते किंवा दोरीसारखी आवळते. मधल्या दोन नखांची टोकं उघडी ठेवा. सकाळ-संध्याकाळ ती पाहायची: नखं एकमेकांपासून दूर गेली, बोटं गार लागली किंवा पट्टीला वास आला, तर लगेच सोडा. ओली झाली तर तेव्हाच बदला. अंगणात नेताना वरून प्लास्टिकची पिशवी घाला, पण घरात आल्यावर काढा, आत घाम साचतो. कुत्र्याला घाम येतो तो याच गाद्यांना. चाटत असेल तर गळ्यात प्लास्टिकचा कोन घाला. तो दोन दिवस रुसेल, तेवढं चालेल.

दुखतंय म्हणून माणसाची गोळी मात्र कधीही देऊ नका. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकनं कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो आणि मूत्रपिंडं जातात. पॅरासिटामॉलही मनानं नको.

काप खोल असेल, रक्त थांबत नसेल किंवा गादी पूर्ण सुटली असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. गादीवरचे टाके भार पडून सहज फाटतात, आणि उशिरा घालून उपयोगही होत नाही. भूल द्यायची वेळ आली तर ही सडपातळ, ग्रेहाउंडसारख्या बांध्याची जात आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा कुत्र्यांना काही भूल उतरायला फार वेळ लागतो. वरवरचं सोलणं आठ-दहा दिवसांत भरतं, गादीची पूर्ण जाडी गेली असेल तर तीन आठवडे किंवा जास्तही.

आता पुढच्या वेळचं. जखम भरली की लगेच मोकळा सोडू नका. रोज सकाळी पंधरा मिनिटं मातीच्या वाटेवर पट्टा लावून चालवा, आठवड्यानं अर्धा तास, मग त्यात थोडा मुरूम. पळवणं चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर, तेही आधी थोडंसंच. पुण्यात डोंगराच्या पायवाटा आहेत, त्या या कामाला सोसायटीच्या फरशीपेक्षा कितीतरी बऱ्या. नखं वाढलेली असतील तर कापा, लांब नखांनी बोटं वर उचलली जातात आणि भार चुकीच्या जागी पडतो. उन्हानं तापलेल्या डांबरी रस्त्यावर नेण्याआधी हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवा. तुम्हाला सोसलं नाही तर त्यालाही सोसणार नाही. पळवण्याआधी व्हॅसलीन किंवा खोबरेल लावू नका, मऊ झालेली कातडी लवकर सोलते. कोरड्या भेगा असतील तर रात्री थोडंसं लावायला हरकत नाही. पावसात भिजून नरम पडलेले पंजेही असेच फसवतात, तेव्हा पाय पुसून, वाळवून मगच बाहेर.

धसकटात न्यावंच लागलं तर आम्ही मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबचे मोजे करतो: पंजाएवढा तुकडा, पुढचं टोक दुमडून शिवलेलं, पाणी निघायला तळाशी दोन भोकं. वर चिकटपट्टी सैल गुंडाळायची, कारण पळताना पाय थोडा फुगतो, आणि घरी आल्या-आल्या मोजे काढायचे. आधी अंगणात दोन-तीन दिवस घालून सवय करा.

चारही पंजे एकदम जाड, खरखरीत होऊन भेगाळले, नाकही तसंच झालं, किंवा सुजलेले तळवे भरतच नाहीत असं दिसलं, तर ते पळण्याचं काम नाही. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूच्या रोगात गाद्या अशा होतात, ओल्या घाणेरड्या जमिनीतून हुककृमी नावाचे जंत शिरूनही तळवे सुजतात. लसी आणि जंताचं औषध वेळेवर आहे ना, पाहा.

शिकारी जात म्हणून तिला हे होणारच, असं नाही. तयारी नसताना पळवलं की कुठल्याही कुत्र्याला होतं. आणि 'शिकारी' हा शब्द आला म्हणून सांगतो, सशामागं किंवा काळविटामागं त्याला सोडू नका. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात मागं लावून पळवणं हीसुद्धा शिकारच धरली आहे. मोकळ्या रानात चेंडू टाकला तरी ही जात तितक्याच आनंदानं पळते.

येत्या रविवारी त्याला घरीच ठेवा. गादीवर कोरडी, दाबल्यावर न दुखणारी कातडी आली, खरखरीत गच्चीवर तो एकदाही पाय न उचलता चालला, की मग मातीच्या वाटेवर पहिली पंधरा मिनिटं.