'विमा' शोधला, 'विम्याचं' सापडेना

प्रश्न : ताई, माझ्या फोनमध्ये नोंदी ठेवायची चार अ‍ॅप्स आहेत. गूगल कीप, वननोट, एव्हरनोट आणि मुलानं हौसेनं टाकून दिलेलं नोशन. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेले मेसेज आणि स्क्रीनशॉटचा ढीग. गेल्या महिन्यात गाडीच्या विम्याची मुदत बघायची होती. लिहून ठेवल्याचं पक्कं आठवत होतं, पण चारही ठिकाणी 'विमा' शोधून काही मिळालं नाही. यातलं कोणतं अ‍ॅप ठेवू?

उत्तर : कोणतंही ठेवा. हे टाळाटाळीचं उत्तर नाही. माझी सगळी नोकरी ग्रंथालयात गेली. चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक आणि हरवलेलं पुस्तक यांत काही फरक नसतो, एवढं तिथं शिकले. तुमची नोंद बहुधा आहे तिथंच आहे.

तुम्ही शोधलंत 'विमा'. लिहिताना मात्र तुम्ही 'गाडीच्या विम्याची मुदत' असं लिहिलं असणार, जसं या पत्रातही लिहिलंय. बहुतेक अ‍ॅपमधलं सर्च फक्त अक्षरं जुळवून बघतं, त्याला व्याकरण कळत नाही. 'विम्याची' या शब्दात 'विमा' सलग कुठं आहे? प्रत्यय लागला की आपला शब्द रूप बदलतो, आणि सर्च तिथंच अडखळतं. आत्ता नुसतं 'विम्या' टाकून बघा. नाहीच मिळालं तर 'पॉलिसी', 'इन्शुरन्स', आणि इंग्रजी अक्षरांतही एकदा. 'मीटिंग' आणि 'मिटिंग' हेसुद्धा त्याच्या लेखी दोन वेगळे शब्द. मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे यांचंही अनेकदा तेच.

म्हणून प्रत्येक नोंदीच्या पहिल्या ओळीत वाक्य लिहायचं नाही. सुटे, प्रत्यय न लावलेले शब्द लिहायचे : 'विमा, गाडी, पॉलिसी, इन्शुरन्स'. आम्ही पुस्तकांना विषयशीर्षकं द्यायचो, तोच प्रकार. उद्या घाईत असताना आपल्या तोंडी कोणता शब्द येईल, तो आज लिहायचा. (इतरांना हे सांगणाऱ्या माझ्या स्वतःच्या फोनमध्ये 'महत्त्वाचे' या एकाच नावाच्या अकरा नोंदी निघाल्या होत्या. एक तर पूर्ण कोरी.)

फाइलींच्या नावात तारीख घालत असाल तर ती नावाच्या सुरुवातीलाच घाला; आधी वर्ष, मग महिना, मग दिवस : २०२५-०३-०९. महिना आणि दिवस दोन-दोन आकडी. असं केलं की नावानुसार लावलेली यादी आपोआप तारखेनुसार लागते. आकडे मात्र कुठल्या तरी एकाच लिपीतले ठेवा.

आणि मुदत ही मुळात नोंदवहीत ठेवायची गोष्टच नव्हे. नोंद गप्प बसून असते, ती तुम्हाला हाक मारत नाही. मुदत कॅलेंडरमध्ये टाका, पंधरा दिवस आधीची आठवण लावा, 'दरवर्षी' हा पर्याय निवडा आणि विसरून जा.

अ‍ॅप निवडताना मी एकच बघते : उद्या सोडायचं ठरवलं तर माझा मजकूर घेऊन बाहेर पडता येतं का? एव्हरनोटनं डिसेंबर २०२३ मध्ये मोफत खात्यावर ५० नोंदी आणि एक वही अशी मर्यादा घातली. आधीच्या जास्तीच्या नोंदी वाचता येत होत्या, बाहेर काढता येत होत्या. नवी करता येईना. असा दिवस कुठल्याही अ‍ॅपवर येऊ शकतो. कीपमधल्या नोंदी गूगल टेकआउटमधून, म्हणजे आपला मजकूर उतरवून घेण्याच्या गूगलच्याच सोयीतून, बाहेर काढता येतात. ऑब्सिडियन हे नोंदींचं आणखी एक अ‍ॅप तर सगळं साध्या मजकुराच्या फाइलींत, तुमच्याच यंत्रावर ठेवतं. पण तुम्हाला त्याची गरज आहे असं मला वाटत नाही. कीप पुरे.

जुन्या नोंदींची स्थलांतरमोहीम मात्र काढू नका. दोन रविवार जातील आणि तिसऱ्या रविवारी अर्धवट ढिगाकडे बघवणार नाही. बाकीची तीन अ‍ॅप्स फोनच्या पहिल्या पानावरून हलवा, नवीन काही तिथं लिहू नका. एखादी जुनी नोंद लागली की तेवढीच इकडे आणा. वर्षभरात जे लागलं नाही ते तिथंच पडून राहू दे. स्क्रीनशॉट काढलात तर त्याच दिवशी तो नोंदीत घालून खाली चार शब्द लिहा. तेवढंही करावंसं वाटत नसेल तर तो तुम्हाला नकोच आहे.

प्रश्न : अभ्यासाच्या नोंदींबरोबर पासवर्डही त्याच अ‍ॅपमध्ये ठेवले तर चालेल का?

उत्तर : नाही. फोन उघडा सापडला की सगळी दारं उघडी. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड एका मुख्य पासवर्डच्या कुलपात ठेवणारं अ‍ॅप वापरा. त्यातलं बिटवॉर्डन मोफतही मिळतं. त्याचा मुख्य पासवर्ड विसरलात तर कंपनीही तो सांगू शकत नाही, तेव्हा तेवढा एक लिहून कुलपात ठेवा. हो, कागदावर.