पहिलं सॉफ्टवेअर मोंढ्यासाठी

प्रश्न : ताई, मी सेलूचा. यंदा गणित घेऊन बी.एस्सी. झालो. वेब डेव्हलपर व्हायचंय. पुण्यातला एक क्लास सहा महिन्यांचे ८५ हजार मागतोय, नोकरीची हमी आहे म्हणतो. बाबा मोंढ्यात अडतीच्या दुकानावर मुनीम आहेत, ते एफडी मोडायला तयार आहेत. माझं इंग्रजी कच्चं आहे आणि लॅपटॉप जुना, चार जीबीचा. शिवाय आता एआयच कोड लिहितो म्हणतात, मग शिकून उपयोग आहे का?
– एक वाचक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : बाबांना एफडी मोडू देऊ नकोस. मी छत्रपती संभाजीनगरात एका छोट्या कंपनीत नव्या मुलांच्या मुलाखती घेते. हमीवाल्या क्लासमधून आलेल्यांपैकी बरेच जण तेच ते प्रोजेक्ट दाखवतात : कामांची यादी, हवामानाचं पान, एखाद्या मोठ्या शॉपिंग साइटची नक्कल. ‘हे बटण घाईत दोनदा दाबलं गेलं तर काय होईल?’ असं विचारलं की गप्प बसतात. मुलं हुशार असतात, पण त्यांचा प्रोजेक्ट आजवर कुणी वापरलेलाच नसतो, त्यामुळे हा प्रश्न त्यांना कधी पडलेलाच नसतो. आणि ती हमी कोणत्या अटींवर आहे, हे आधी लेखी मागून बघ.

तुझ्या पत्रात मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते बाबा मुनीम आहेत हे. शेतकऱ्याला द्यायची पट्टी करणारं एक साधं पान बनव. नाव, माल, वजन, भाव, हमाली, तोलाई आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. एवढंच. एचटीएमएल आणि सीएसएसवर पान उभं राहील, जावास्क्रिप्टवर हिशोब होईल. यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही. फ्रीकोडकॅम्प या मोफत साइटवर क्रमानं शिकता येतं आणि अडलं तर एमडीएन या वेब डेव्हलपरच्या संदर्भ-साइटवर शोधायचं.

मग खरी मजा सुरू होते. समज, सोयाबीन १४ क्विंटल ३७ किलो, भाव क्विंटलला ४,३५० रुपये. रक्कम ६२,५०९ रुपये ५० पैसे. वहीत हे सरळ आहे. पण जावास्क्रिप्टला ०.१ आणि ०.२ यांची बेरीज विचार, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. संगणक हे आकडे फक्त ० आणि १ वापरून, द्विमान पद्धतीत साठवतो, आणि आपल्याला एक तृतीयांश दशांशात पुरता लिहिता येत नाही तसा त्याला ०.१ पुरता साठवता येत नाही. म्हणून पैशाचा हिशोब पैशांतच, पूर्णांकात ठेवायचा आणि दाखवताना रुपये करायचे. वजनही किलोत धर. पट्टीत दहा पैशांचा फरक आला तरी बाबा ती फेकून देतील, आणि ते बरोबरच असेल. हे ज्यानं स्वतःच्या हातानं दुरुस्त केलं, त्याला मी मुलाखतीत लगेच ओळखते.

पुढची अडचण नावांची. यादी क्रमानं लावलीस की ‘काळे’ ‘कावळे’च्या आधी येतील, कारण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणक अक्षरांना जे क्रमांक देतो त्यात, ळ हा ल आणि व यांच्यामध्ये बसवलाय. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. क्रम मराठीप्रमाणे लाव, असं वेगळं सांगावं लागतं. ओळी जुळवून पान छापायचं कसं, वीज गेली तर भरलेली माहिती राहते का, हेही तिथेच कळेल. ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती त्याच मशीनवर राहते, म्हणून दुकानातल्या दुसऱ्या संगणकावर ती दिसणार नाही. त्या दिवशी सर्व्हर आणि डेटाबेस कशाला लागतात हे तुला कुणी समजावून सांगायची गरज उरणार नाही. तेव्हा नोड (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं साधन) आणि एखादा डेटाबेस शिक. त्याआधी नको. कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं गिट मात्र पहिल्या दिवसापासून वापर आणि सगळं गिटहब या साइटवर ठेव. मी अर्ज वाचण्याआधी तेच उघडते.

लॅपटॉपचं म्हणशील तर एवढ्या कामाला चार जीबी चालतात. जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी टाकून घे, फरक जाणवेल. विंडोजऐवजी हलकं लिनक्स टाकलंस तर आणखी बरं.

इंग्रजीबद्दल खोटा धीर देणार नाही. परदेशी ग्राहकांशी बोलायचं काम असेल तिथे बोलता यावंच लागतं. पण सुरुवातीला लागतं ते वाचता येणं. एरर आली की घाबरून बंद करू नकोस, ती वहीत उतरव आणि अर्थ लाव. त्याच त्या एरर पुन्हा येतात. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मध्ये काही विषयांचे धडे मराठी आवाजात आहेत, तेही मोफत.

एआयला सांगितलंस तर हे पान तो मिनिटभरात लिहून देईल, आणि मीही रोज त्याची मदत घेते. पण हमाली पोत्यामागे धरायची की क्विंटलमागे, भिजलेल्या मालाचं वजन कसं धरायचं, हे त्याला तुझ्या मोंढ्यातलं माहीत नसतं. त्यानं दिलेलं चूक आहे हे ओळखायला तुला स्वतःला हिशोब आणि कोड दोन्ही कळावे लागतात. म्हणून पहिली पट्टी त्याच्याशिवाय कर. हंगामात दुकानात ती चार दिवस वापरली गेली की मला पुन्हा लिही.

प्रश्न : मी जालन्यात एमएस-सीआयटी शिकवते, वय ३४. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधले दोष शोधण्याच्या कामात जायचं तर वय आड येईल का?
– एक वाचक, जालना

उत्तर : काही ठिकाणी येईल. पण ज्याला शून्यापासून कुणाला माऊस धरायला शिकवता येतं, त्याला माणूस नेमका कुठे अडखळतो हे दिसतं, आणि टेस्टिंगमध्ये तेच लागतं. फक्त हातानं तपासणीवर थांबू नका, थोडं जावास्क्रिप्ट आणि प्लेराइट (वेबसाइटची तपासणी आपोआप करणारं साधन) शिका. सरावासाठी तुम्ही रोज वापरता त्या एखाद्या ॲपचे दोष लिहून काढा : काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कोणत्या फोनवर. असे चांगले लिहिलेले पाच-सहा अहवाल अर्जाला जोडा. वयाआधी मी ते वाचेन.