आकडा आला कुठून ते आधी सांग

पोरी, तुझा रात्रीचा मेसेज वाचला. कॅन्सरच्या रेडिएशन मशीनचं आउटपुट, म्हणजे ते देतं तो डोस, मोजताना साडेसहा टक्के कमी येतंय, इंजिनिअर म्हणतोय लगेच अ‍ॅडजस्ट करून टाकू, तुझे सर म्हणतायत गॅमा (ठरवलेला अन् मोजलेला डोस जुळतो का ती टेस्ट) पास आहे ना मग कर सही, आणि बाहेर बीड-जालन्याहून पहाटेच्या एसटीनं आलेले पेशंट ताटकळत बसलेत. कळतंय मला. पण एवढं सगळं लिहिलंस अन् हवेचं प्रेशर कुठून घेतलं तेवढंच लिहिलं नाहीस!

मोबाईलवरून घेतलंस ना? अगं, हवामानाचं अ‍ॅप बहुतेक वेळा समुद्रसपाटीच्या हिशोबातलं प्रेशर दाखवतं, 1010 च्या आसपास. आपलं संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, इथं खोलीतलं खरं प्रेशर 950 हेक्टोपास्कलच्या आगेमागे. फार्मर चेंबर, म्हणजे डोस मोजायची आपली छोटी नळी, बाहेरच्या हवेला उघडा असतो, आत हवा कमी म्हणजे चार्जही कमी, अन् ती कमी भरून काढायच्या करेक्शनमध्ये 1010 टाकलंस की आउटपुट सहा-सात टक्के कमीच दिसणार. मग चांगलं चाललेलं मशीन तुम्ही वाढवणार आणि सगळ्या पेशंटना तेवढा डोस जास्त. आयसीआरयूनं (रेडिएशन मोजमापाचा आंतरराष्ट्रीय आयोग) 1976 मध्येच डोसची चूक 5 टक्क्यांच्या आत ठेवा म्हणून सांगितलंय. म्हणून म्हणतो, आकडा आला कुठून?

गॅमाचं कौतुक मला सांगू नको. रिलेटिव्ह मोडमध्ये नॉर्मलाइज केलं, म्हणजे दोन्ही डोस एका बिंदूला 100 धरून जुळवले, की आउटपुटची चूक त्यात दिसतच नाही. 98 टक्के बिंदू पास आले, पण कशाच्या तुलनेत आले?

1996 ला कोस्टा रिकात रेडिएशन मशीनमध्ये कोबाल्टचा नवा सोर्स बसवला, आउटपुट मोजताना वेळ होती 0.3 मिनिट म्हणजे 18 सेकंद, ते धरले 30 सेकंद. 115 पेशंटना जादा डोस गेला. फिजिक्स काही अवघड नव्हतं गं, दुसऱ्या कुणी आपलं आपण मोजलं असतं तर लगेच सापडलं असतं.

मी यावरून जन्मभर भांडलो. मशीन थांबवतो म्हणून अडेलतट्टू म्हणाले, प्रमोशन दुसऱ्याला गेलं. दोन चांगले मित्र तुटले त्याचं वाईट वाटतं, जरा गोडीनं बोललो असतो तर चाललं असतं. पण थांबवलं ते बरोबरच, मग रीडिंग नंतर काही का निघेना.

आता कर एवढं. फँटमचं, म्हणजे डोस मोजायच्या टाकीचं, पाणी रात्रभर बंकरमध्येच (मशीनच्या खोलीत) राहू दे, उन्हात तापलेल्या टाकीचं ओतून लगेच मोजू नको. दुसरा चेंबर लाव. बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) मागच्या टीएलडी ऑडिटचा, म्हणजे त्यांनी बाहेरून केलेल्या डोस-तपासणीचा, निकाल काढून बघ. आणि बॅरोमीटर मागायला भीती वाटत असेल तर सरांना माझं नाव सांग, ते तसेही माझ्यावर चिडलेलेच आहेत.