आधी ड्रायसूट, मग कॅमेरा

स्कॉटलंडमधल्या सेंट ॲब्सला समुद्रात कॅमेरा घेऊन उतरायचं म्हणतोस, तर आधी सांग, ड्रायसूटमध्ये, म्हणजे आत पाणी न शिरणाऱ्या पोशाखात, डाइव्ह किती झाल्यात? वीस-पंचवीस तरी होऊ देत. तळाचा गाळ न उडवता एका जागी तरंगत थांबता येत नसेल, तर महागातला कॅमेराही फुकट.

तिथल्या किनाऱ्यावर मार्चमध्ये पाणी ५-६ अंश, ऐन उन्हाळ्यातही १३-१४. जाड हातमोज्यांतून शटरचं बटण सापडतच नाही. मी घरी टीव्ही बघताना हातमोजे घालून बटणं दाबत बसायचो. बायको हसायची, पण बोटांना सवय झाली ना!

फ्लॅश लेन्सला चिकटून ठेवू नकोस. फ्लॅशचे आर्म (दांडे) लांब करून दोन्ही बाजूंना, किंचित बाहेर वळव. नाहीतर पाण्यातला कण न् कण उजळतो आणि फोटोत बर्फ पडल्यासारखं दिसतं. वसंतात प्लँक्टनमुळे, म्हणजे तरंगत्या सूक्ष्मजीवांमुळे, पाणी हिरवं गढूळ होतं, तेव्हा वाइड अँगलचा नाद सोड. मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स लाव आणि न्यूडिब्रँक (बिनशिंपल्याच्या छोट्या समुद्री गोगलगाई) शोध.

हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची जलरोधक पेटी, आदल्या रात्रीच बंद कर, तेही थंड, कोरड्या खोलीत. उबदार स्वयंपाकघरात केलंस तर पाण्यात काच आतून धुरकटते. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी आत टाक. मी एकदा घाईघाईत बोटीवरच बंद केलं, ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) लोकरीचा एक धागा राहिला आणि चार मीटरवरच आत थेंब दिसले. ती लेन्स अजून कपाटात आहे, शोभेला.

कपारीत वुल्फफिश नावाचा मासा दिसला तर दोन-तीन फोटो घे आणि बाजूला हो, मागे रांग असते.