चुलीत घातलेली वही

पत्र : आमचं गाव केज तालुक्यात. मी आणि मंडळी बारा वर्षं ऊसतोडीला जातो. मुलीला नीटला 231 पडले. लातूरला रिपीट कर म्हणलं तर ऐकत नाही, लेखिका व्हायचं म्हणते. आमच्या कोपीवरचं, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीतलं, सगळं तिनं कॉलेजच्या अंकात छापलं, भावकीत नाचक्की झाली. रागात मी तिची वही चुलीत घातली. तुम्ही तिला समजवा. अंकातलं पान जोडलंय.

उत्तर : दादा, मी त्या वहीपाशीच थांबले. बारा वर्षं कोयता चालवून जिला शिकवलंत, तिचं लिहिलेलं तुमच्याच हातानं जाळलंत. चुकलंच हे. आधी तिच्यासमोर तसं बोला, मग पुढचं.

भीती मात्र कळते. मुकादमाकडून घेतलेली आगाऊ उचल तुमच्या नावावर आहे, त्याच्या कानावर गेलं तर पुढचा हंगाम अवघड. म्हणून तिनं मुकादमाचं, कारखान्याचं नाव गाळावं. त्यानं लेख खोटा होत नाही.

पण घरचं लिहिलं की घराची अब्रू वेशीवर टांगली, हे डोक्यातून काढा. फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं 1855 मध्ये मांग-महारांचं दुःख 'ज्ञानोदय' नियतकालिकात लिहिलं, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. आपल्याच माणसांचं लिहिलं. लाज वाटायची ती छळणाऱ्यांना. तुमची मुलगी लिहिते, "ताप होता तरी आई फडात गेली, नाहीतर खाडा पडला असता." यात तुमची कसली नाचक्की? शेवटचा 'स्त्रीशक्ती जागी झाली पाहिजे' हा परिच्छेद तिनं खोडावा, तो कुणाच्या तरी भाषणातला वाटतो. त्याजागी एका दिवसाच्या खाड्याला किती रुपये कापतात, मोळी किती किलोची, कोपीवर पाणी कुठून यायचं, ते लिहावं. ज्यानं कधी फड पाहिला नाही, त्याला हा हिशोब गप्प बसू देणार नाही. आणि तो तुमच्याइतका नेमका तिला कोण सांगणार?

मन नसताना रिपीट केलं तर वर्षही जाईल, पैसेही. नुसत्या लेखनावर घर चालत नाही, हे तिलाही सांगा. बीए करून संभाजीनगरला विद्यापीठात पत्रकारिता करता येईल. समाजकार्याकडे ओढा असेल तर तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं (टिस) आवार आहे, तिथली चौकशी करा.

एक राहिलं. एवढ्या पत्रात मुलीच्या आईचं म्हणणं कुठंच नाही. लेख तर त्यांच्यावर आहे. त्यांना तो कुणी वाचून दाखवलाय का? विचारून कळवा.