द्वंद्वात्मक विचार म्हणजे सुवर्णमध्य का?

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात चर्चा तापली की 'पक्ष, प्रतिपक्ष आणि समन्वय, हीच जर्मन तत्त्वज्ञ हेगेलची द्वंद्वात्मक पद्धत' असे सांगून दोन मतांचा सुवर्णमध्य काढला जातो. तिचा अर्थ एवढाच आहे काय?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर : ज्या गावात १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, तेथून हा प्रश्न यावा याचा आनंद वाटतो. सुवर्णमध्यात दोन्ही मते जशीच्या तशी राहतात, फक्त प्रत्येकाला थोडी माघार घ्यावी लागते. द्वंद्वात्मक विचारात मात्र मूळ मतच बदलते. आणि तेही बाहेरून कोणी विरोध केला म्हणून नव्हे, तर ते मत शेवटपर्यंत नेले असता त्याच्याच पोटातून त्याचा विरोध बाहेर पडतो म्हणून.

रावेर-यावलच्या केळीपट्ट्यातले उदाहरण घ्या. 'बोअर जितके खोल, तितके पाणी अधिक' हे एकट्या शेतकऱ्यापुरते खरे ठरू शकते. पण तेच खरे मानून सारे शिवार खोल जाऊ लागले की भूजलाची पातळी खालावते, कालचे बोअर आज कोरडे पडते, आणि ज्या उपायाने पाणी मिळत होते त्याच उपायाने ते तुटते. येथे 'सगळेच थोडे कमी खोल जाऊ' एवढ्या तडजोडीने भागत नाही. बांधाच्या आतले पाणी माझे, ही समजूतच सोडून जमिनीखालच्या सामाईक साठ्याचा आणि त्याच्या पुनर्भरणाचा विचार करावा लागतो. त्यात माझ्या पिकाची गरज नाहीशी होत नाही, तिला त्या मोठ्या हिशेबात जागा मिळते. जुने मोडणे आणि त्यातले खरे राखणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडणे, हे हेगेलच्या विचाराचे मर्म आहे.

आपण लिहिलेली पक्ष-प्रतिपक्ष-समन्वय ही त्रयी मुळात फिख्टे या दुसऱ्या जर्मन तत्त्वज्ञाने वापरलेली आहे. हेगेलने आपली पद्धत त्या सूत्रात मांडलेली नाही.

आपल्याकडे न्याय दर्शनाच्या, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या, न्यायसूत्र या मूळ ग्रंथाने सत्यासाठीचा वाद, जिंकण्यासाठीचा जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडणारी वितंडा असे भेद केले आहेत. मंडळाला यांपैकी वादच हवा असेल, तर प्लेटोचा 'युथिफ्रो' हा छोटा संवाद वाचायला घ्यावा. 'देवांना प्रिय ते पवित्र' असे युथिफ्रो म्हणतो. देवांमध्ये मतभेद असतात हेही तो मान्य करतो. मग एकच कृत्य पवित्र आणि अपवित्र दोन्ही ठरते, हे सॉक्रेटिस केवळ त्याच्याच कबुलीतून दाखवून देतो आणि त्याला व्याख्या बदलावी लागते.